अजून पक्का झाला नाही

लग्न करून पुण्याहून बेंगळुरूला आले तेव्हा नवऱ्याजवळ सॉफ्टवेअरची नोकरी होती आणि माझ्याजवळ संख्याशास्त्राची पदवी. नव्वदच्या दशकाची मधली वर्षं होती. नवरा सकाळी कंपनीच्या बसने जायचा तो दिवेलागणीलाच उगवायचा. घरात बसून माझं डोकं फिरायला लागलं, तेव्हा जयनगरात एका बेकरीच्या वरच्या मजल्यावर मी नोकरी धरली. परदेशातले प्रकाशक शाळा-कॉलेजांसाठी जाडजूड संदर्भग्रंथ काढायचे आणि त्यांतले तक्ते आम्ही त्यांना स्वस्तात तयार करून द्यायचो. कुणाच्या वाट्याला गहू-तांदूळ आला, कुणाच्या वाट्याला रेल्वे. मी सगळ्यांत शेवटी आले, त्यामुळे मला उरलेलं मिळालं. गुन्हे आणि तुरुंग.

काम सोपं होतं. कुठल्या देशात लाख माणसांमागे किती चोऱ्या, किती खून, किती माणसं तुरुंगात, ते निरनिराळ्या अहवालांतून काढायचं आणि शेजारी शेजारी मांडायचं. पहिल्याच आठवड्यात मी हबकले. युरोपातले जे देश आपल्याला कॅलेंडरवरच्या चित्रांतून माहीत, बर्फ, गाई, लाल कौलांची घरं, त्यांच्या चोऱ्यांचे आकडे आपल्यापेक्षा कितीतरी पट वर होते. अमेरिकेने तर एवढी माणसं कोंडून ठेवली होती की मी टाइप करताना चूक झाली समजून पुन्हा पुन्हा तपासलं. आणि भारत कुठे, तर तळाशी. चोऱ्या कमी, कैदी त्याहून कमी.

मला राग पटकन येतो आणि अभिमान त्याहून पटकन. मी ते कागद घेऊन सरांकडे गेले. सर म्हणजे आमचे मालक, निवृत्त प्राध्यापक, म्हैसूरकडचे, कडक इस्त्रीचा शर्ट आणि पायांत रबरी चप्पल. आपला देश किती सज्जन आहे हे मी त्यांना मोठ्या उत्साहाने दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं की तुझी सायकल चोरीला गेली तर तू काय करशील. मी म्हटलं, दोन दिवस शोधीन, मग शिव्या देऊन गप्प बसेन. पोलिसांत जाणार नाहीस का, त्यांनी विचारलं. मी हसलेच. सायकलीसाठी पोलीस चौकीत कोण जातं? ते म्हणाले, त्या गाईवाल्या देशात लोक जातात. एवढं बोलून ते परत आपल्या कामाला लागले.

माझा फुगा अर्धा तिथेच फुटला. पण कैद्यांचं काय? सायकल लपते, माणूस थोडाच लपतो. तुरुंगात माणूस असतो किंवा नसतो. त्या रकान्यावर माझा पूर्ण विश्वास होता, आणि त्याच्या जोरावर मी सगळ्यांना भाषणं देत सुटले.

सगळ्यांत जास्त भाषणं ऐकली ती अक्कांनी. आम्ही चामराजपेटेत एका घराच्या माडीवर भाड्याने राहत होतो आणि अक्का आमच्या घरमालकीण. त्यांचे पूर्वज पिढ्यांपूर्वी इकडे आलेले. घरात मराठी बोलायच्या, पण ती अशी की पहिले काही दिवस मला अर्धी कळायची आणि अर्धी मी अंदाजाने भरायची. थोडं म्हणजे स्वल्प, बरं म्हणजे सरी. नवऱ्याला त्या यजमान म्हणायच्या आणि धाकट्या भावाला तम्मा. यजमानांचं बळेपेटेत शिंप्याचं दुकान होतं, चांगलं चालणारं. माणूस अबोल आणि गल्लीत मान असलेला. तम्माला मात्र मी कधी पाहिलं नव्हतं. त्याचा एक फोटो पुढच्या खोलीत होता, स्कूटरला टेकून उभा असलेला.

एका संध्याकाळी अक्का अंगणात शेवग्याच्या शेंगा सोलत होत्या आणि मी पायरीवर बसून जगातल्या तुरुंगांवर बोलत होते. कुठे किती कैदी, आपल्याकडे किती कमी. त्या ऐकत होत्या. मध्येच म्हणाल्या, "आमचा तम्मापण सरकारी जागेतच आहे की. तीन वर्षं झाली. अजून पक्का झाला नाही."

मला वाटलं, बाई माझ्या बडबडीला कंटाळल्या आणि त्यांनी विषय बदलला. आमच्या पुण्यात घरोघरी हेच दुखणं. माझा स्वतःचा मामा सरकारी खात्यात अशीच कितीतरी वर्षं कच्च्यावर होता आणि आजी पक्का हो, पक्का हो म्हणून देव पाण्यात घालून बसली होती. तेव्हा मला अक्कांची फार दया आली. मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "होईल हो पक्का. मी दोड्ड गणपतीला सांगते त्याच्यासाठी."

अक्कांच्या हातातली शेंग तशीच राहिली. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, देवाचं नाव काढून आपण काही आगाऊपणा केला की काय. मग त्या "सरी" म्हणाल्या आणि उठून आत गेल्या.

थोड्या दिवसांनी त्या स्वतःच माडीवर आल्या. शनिवारी तम्माची मुलाखत आहे, यजमान येत नाहीत, तू माझ्याबरोबर येशील का, असं त्यांनी विचारलं. तू शिकलेली आहेस, तू बोललीस तर त्याला पटेल. मला आनंद झाला. पक्कं होण्याची मुलाखत लागली म्हणजे काम मार्गी लागलं. बहिणीने भावाच्या मुलाखतीला जाणं जरा विचित्र वाटलं, पण सरकारी कारभारात काहीही लागतं. मी चांगली साडी नेसले. अक्कांनी डब्यात कोडबळी आणि केळी घेतली होती. तेही मला खटकलं, पण साहेबाला खूश करायचं असेल असं मी मनाशी ठरवून टाकलं.

रिक्षा एका उंच भिंतीशी थांबली. मी त्या भिंतीशेजारून बसने कितीदा गेले होते. शहराच्या ऐन मध्यात, सिनेमा थिएटरांपासून हाकेच्या अंतरावर. आत काय आहे याचा मी कधी विचार केला नव्हता. अक्कांना काही घ्यायचं असेल म्हणून मी रिक्षातच बसून राहिले. त्या उतरल्या, पदर नीट केला आणि म्हणाल्या, उतर की. मी वर पाहिलं. दारावर इंग्रजीत आणि कन्नडमध्ये कारागृह लिहिलं होतं.

मी अक्कांकडे बघत राहिले आणि त्या क्षणी माझ्या डोक्यात एकेक शब्द उलटा फिरला. सरकारी जागा. मुलाखत. पक्का. खटला चालू असलेल्या कैद्याला मराठी वर्तमानपत्रांत कच्चा कैदी म्हणतात हे मला लहानपणापासून माहीत होतं. शिक्षा झाली की तो पक्का. मी बसले होते तुरुंगांवर भाषण देत, आणि त्या बाईने त्याच विषयावर आपल्या घरचं सांगितलं होतं. गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं, तेव्हा भाडेकरणीलाही ठाऊक असणारच असं तिने धरलं होतं. आणि मी तिच्या भावाला शिक्षा व्हावी म्हणून गणपतीला साकडं घालणार होते.

मी रडायलाच लागले. अक्कांनी मला गप्प केलं. रांग मोठी आहे, पुढे चल, म्हणाल्या.

मुलाखत म्हणजे कैद्याला भेटणं, दोन जाळ्या आणि मध्ये हातभर मोकळी जागा. इकडे आम्ही सगळ्या बायका, तिकडे ते. सगळे एकाच वेळी ओरडत होते, त्यामुळे कुणालाच काही ऐकू येत नव्हतं आणि म्हणून सगळे आणखी मोठ्याने ओरडत होते. तम्मा फोटोतल्यापेक्षा बारीक झाला होता, पण अंगात इस्त्रीचा निळा शर्ट होता. मला धक्का बसलेला पाहून अक्कांनी कानात सांगितलं की कच्च्यांना आपले कपडे घालता येतात, पक्का झाला की सरकारचे पांढरे. शर्टाची इस्त्री त्या स्वतः करून पाठवायच्या.

हकीकत मला त्या रांगेत आणि नंतर रिक्षात कळली. तम्मा चिकपेटेत एका रेशमाच्या ठोक व्यापाऱ्याकडे कामाला होता. गोदामातून साड्यांचे गठ्ठे चोरीला गेले. दोन हमाल त्याच दिवसापासून बेपत्ता, आणि किल्ली तम्माकडे. हमाल सापडले नाहीत, तम्मा सापडला. जामीन मंजूर झाला होता, पण घर किंवा जमीन असलेला जामीनदार हवा होता. घर यजमानांच्या नावावर. त्यांनी सही केली नाही. पोरगा निर्दोष आहे, खटल्यात सुटेलच, मग घराचे कागद कोर्टात कशाला, असं त्यांचं म्हणणं. खटला उभाच राहिला नाही. फरार आरोपी सापडले नाहीत, साक्षीदार आला नाही, साहेब रजेवर. प्रत्येक वेळी पुढची तारीख.

आता वकिलाने एक वाट काढली होती. तम्माने गुन्हा कबूल करायचा. एवढ्या गुन्ह्याला जेवढी शिक्षा होईल तेवढी त्याची भोगून झालेलीच आहे. कोर्ट म्हणेल, झाली शिक्षा, जा घरी. त्याच दिवशी सुटका. नाही म्हणालास तर खटला चालेल, आणि खटला कधी चालेल ते कुणालाच माहीत नाही. तम्मा नाही म्हणत होता. मी चोरी केली नाही, मग केली असं कसं सांगू, एवढंच त्याचं. आणि त्याला हो म्हणायला लावण्यासाठी अक्कांनी मला आणलं होतं.

जाळीपलीकडून त्याने मी कोण ते विचारलं. अक्का ओरडून म्हणाल्या की ही सगळ्या देशांच्या जेलांचा हिशेब करते. तम्मा जाळीच्या अगदी जवळ आला.

"दुसऱ्या देशात किती दिवस ठेवतात हो, असं? न विचारता?"

मला उत्तर माहीत होतं. काही देशांत मुदत असते. तेवढ्यात खटला चालवला नाही तर माणसाला सोडावं लागतं. मी ते ओरडून सांगितलं. त्याने मला पुन्हा सांगायला लावलं आणि मी पुन्हा ओरडले, आणि आजूबाजूचे दोनतीन जण, त्याच्या बाजूचे, आपापल्या माणसांशी बोलायचं थांबून माझ्याकडे बघायला लागले. मला तिथून पळून जावंसं वाटलं. कबूल कर असं मी त्याला सांगितलं नाही. माझ्याने सांगवलंच नाही.

परतताना रिक्षात मी अक्कांवरच चिडले. निर्दोष माणसाला खोटं बोलायला लावता, हा काय न्याय झाला, त्याने लढलं पाहिजे, आणि काय काय. रागाच्या भरात माणूस किती शहाणपणाचं बोलतो. अक्का बाहेर बघत होत्या. माझं सगळं संपल्यावर म्हणाल्या, "त्याच्या डोक्यावरचे केस बघितलेस? अर्धे गेले. तू कागदावर लढ. मला तो जेवायला घरी पाहिजे."

सोमवारी ऑफिसात गेल्या गेल्या मी तो रकाना उघडला. तोपर्यंत मी फक्त आकडा उचलत होते, त्याखालची बारीक अक्षरातली टीप वाचत नव्हते. आता वाचली. काही देशांनी तुरुंगात असलेला प्रत्येक माणूस मोजला होता. आपला जो आकडा मी घेतला होता तो होता शिक्षा झालेल्यांचा. पक्क्यांचा. मी सरांकडे गेले आणि कच्चे कुठे आहेत ते विचारलं. त्यांनी मागच्या कपाटातून दुसरा अहवाल काढून दिला. मी तो तिथेच उभ्याने वाचला. आपल्या तुरुंगांत जी माणसं होती त्यांतली निम्म्याहून बरीच जास्त कच्ची होती. म्हणजे कोर्टाने त्यांना अजून काहीच ठरवलं नव्हतं, गुन्हेगारही नाही आणि निर्दोषही नाही. ज्या देशांना मी आठवडेच्या आठवडे नावं ठेवत होते, त्यांच्याकडे आत असलेली बहुतेक माणसं निदान कशासाठी आत आहेत हे ठरलेलं होतं. आमच्याकडे आधी आत, मग बघू.

मला वाटलं होतं, सायकल लपते, माणूस लपत नाही. इथे तर माणसांच्या रांगाच्या रांगा नुसत्या एका शब्दाआड गेल्या होत्या, आणि तो तक्ता मी माझ्या हाताने टाइप केला होता. मी सरांना तम्माचं सांगितलं. तो कुठल्या रकान्यात येतो, मी विचारलं. त्यांनी माझा तक्ता पुढे ओढला. मग म्हणाले की आज तो तुझ्या तक्त्यात कुठेच नाही. त्याने कबूल केलं तर येईल. एक चोरी उलगडली, एका चोराला शिक्षा झाली, असा येईल. आणि त्या दिवशी तो तुरुंगाच्या बाहेर असेल.

मी तक्ता बदलला. प्रकाशकाकडून फॅक्स आला की नवीन रकान्याला पानावर जागा नाही, टीप मात्र घालू. सर म्हणाले, टीप तर टीप.

तम्मा शेवटी कबूल झाला. माझ्यामुळे नाही आणि अक्कांमुळेही नाही. त्याच्या शेजारी झोपणारा एक म्हातारा आजारी पडून वारला. तोही कच्चाच होता. पुढच्या मुलाखतीत तम्माने अक्कांना सांगितलं की वकिलाला बोलाव.

कोर्टात मी गेले होते. मला वाटलं होतं तिथे काही तरी होईल, कुणी तरी विचारेल की एवढी वर्षं का लागली. त्याचा पुकारा झाला. मॅजिस्ट्रेटांनी कन्नडमध्ये विचारलं, गुन्हा कबूल आहे का. तो "हौदु", म्हणजे हो, म्हणाला. त्यांनी वर पाहिलं नाही. काहीतरी लिहिलं, भोगलेली कैद हीच शिक्षा असं सांगितलं, आणि पुढचा पुकारा झाला. मी बाकावर नीट टेकलेही नव्हते. ज्या गोष्टीसाठी तीन वर्षं नुसत्या तारखाच पडत होत्या ती एका शब्दात उरकली. अक्का मात्र हसत होत्या, डोळे पुसत होत्या आणि हसत होत्या, आणि त्यांना कशाचंच काही वाटत नव्हतं.

संध्याकाळी अक्कांनी चित्रान्न केलं, बिसीबेळे भात केला, होळीगे म्हणजे पुरणपोळी केली. आम्हा दोघांनाही खाली जेवायला बोलावलं. माझा नवरा, मी, यजमान आणि तम्मा असे पुढच्या खोलीत जमिनीवर बसलो, समोर केळीची पानं. अक्का वाढत होत्या. तम्मा आंघोळ करून नवा शर्ट घालून बसला होता. तो पहिला घास घेणार एवढ्यात यजमान बोलले. मी त्या घरात त्यांना एवढं बोलताना कधी ऐकलं नव्हतं, आणि आवाज अजिबात चढलेला नव्हता.

"इतकी वर्षं मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं, केस खोटी आहे, पोरगा चोर नाही. आज त्याने स्वतः कोर्टात सांगितलं, मी चोर आहे. उद्या मी गिऱ्हाइकाला काय सांगू?"

त्यांनी पानावर पाणी सोडलं आणि ते उठले. आतल्या खोलीचं दार लागलं. मला इतका संताप आला की मी उठणारच होते. ज्या माणसाने एक सही केली असती तर हे काहीच झालं नसतं, तो माणूस हे बोलतो. नवऱ्याने माझा हात धरला. आणि मला हेही कळत होतं की ते खोटं बोलत नव्हते. कालपर्यंत गल्लीत कुणालाही सांगता येत होतं की अजून काही ठरलेलं नाही. आता ठरलं होतं.

अक्का होळीगेचं ताट हातात धरून तशाच उभ्या होत्या. तम्मा पानाकडे बघत होता. मग तो अगदी साध्या आवाजात म्हणाला, जसं काही एखादी राहून गेलेली गोष्ट सांगतोय.

"अक्का, आत सगळ्यांना ठाऊक होतं, मी चोरी केली नाही म्हणून."

अक्कांनी त्याच्या पानात होळीगे वाढली, वर तूप घातलं, आणि खा म्हणाल्या.